गर्भाशय म्हणजे रिकामी झालेली पिशवी नव्हे

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर उचलीचे, म्हणजे टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांचे, हिशेब सुरू होतात आणि दिवाळी आटोपली की भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरे ट्रॅक्टर-ट्रकमध्ये भरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या वाटेला लागतात. मी या जिल्ह्यात आधी आरोग्यसेविका आणि पुढे आरोग्य सहायिका म्हणून एकतीस वर्षे नोकरी केली. दसरा ते दिवाळी या दिवसांत उपकेंद्राच्या पायरीवर बसून अनेक बायकांनी मला जे सांगितले, ते थोड्याफार फरकाने एकच होते. "ताई, जायच्या आधी पिशवी काढून घेते, म्हंजी हंगामात कटकट नको." हे सांगणाऱ्या बाईचे वय बहुतेक वेळा तिशीच्या आसपास असे. कधी कधी त्याहूनही कमी असे.

या पत्रात मला बोलायचे आहे ते या 'पिशवी' शब्दाबद्दल आणि त्या शब्दामागे दडून गेलेल्या अवयवाबद्दल. शस्त्रक्रियांचे आकडे एव्हाना सर्वांना ठाऊक आहेत. 2019 मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला, तेव्हा बीड जिल्ह्यातील 99 खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4,605 गर्भाशये काढली गेल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सभागृहात दिली. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण दर सहा बायकांमागे एकीचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या थोडे वर होते. त्या वेळी वृत्तपत्रांनी चांगले लिहिले, चौकश्या झाल्या, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय अशी शस्त्रक्रिया करू नये, असा नियमही आला. परंतु परवानगीचा कागद बाई दवाखान्याची पायरी चढल्यानंतरचा असतो. तिच्या मनातला निर्णय त्याच्या कितीतरी आधी घरात, टोळीत, विहिरीवर झालेला असतो आणि तो निर्णय ज्या समजुतीवर उभा असतो, तिला कोणी हात लावलेला नाही. ती समजूत अशी की लेकरे झाली, कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले, आता त्या पिशवीचे काम संपले.

पिशवी म्हटले की काय डोळ्यांसमोर येते? माल भरला, माल काढला, फाटली की टाकून दिली. आपल्या भाषेने या अवयवाला दिलेले जुने शब्द असे नव्हते. गर्भाशय या शब्दातील 'आशय' म्हणजे राहण्याची, विसाव्याची जागा. जलाशय म्हणतो त्यातलाच. 'गर्भ' शब्दापासून आपल्याकडे गाभा आला, गाभण आली आणि देवळातला गाभाराही आला. बायकांच्या बोलण्यात तर 'कूस' हा केवढा मायेचा शब्द होता! कूस उजवली असे म्हणत, कारण कूस ही भरून रिकामी करण्याची वस्तू नव्हती, ती बाईच होती. आता कूस ओव्यांपुरती उरली आहे आणि दवाखान्यात, एस.टी. स्टँडवर, शेजारणीत सगळीकडे पिशवी झाली आहे. ज्या बायका हा शब्द वापरतात त्यांचा यात दोष नाही, मीही पहिली दहा-बारा वर्षे तोच वापरला. पण ज्यांनी शरीरशास्त्र शिकून पदवी घेतली आहे, तेही बाईसमोर हाच शब्द वापरतात, तेव्हा तिला काय ऐकू येते, याचा विचार त्यांनी करायला हवा.

खरे पाहता बाळंतपणात पिशवी असते, पण ती वेगळी. बाळाभोवती पाण्याने भरलेली जी पातळ आवरणे असतात, जिला आपण पाणमोट म्हणतो, ती पिशवी. ती नऊ महिन्यांपुरती तयार होते, बाळंतपणाच्या वेळी फुटते आणि वार पडते तेव्हा तिच्याबरोबर शरीराबाहेर जाते. निसर्गाने टाकून देण्यासाठी केलेली पिशवी ती आहे. गर्भाशय हा जाड स्नायूंचा, स्वतःचा रक्तपुरवठा आणि स्वतःचे बंध असलेला अवयव आहे आणि तो मुलीच्या शरीरात तिच्या जन्माआधीपासून असतो.

गावात बायकांना मी हे पेरूवरून सांगत असे. मध्यम आकाराचा पेरू देठाकडची निमुळती बाजू खाली करून धरला, तर न बाळंत झालेल्या बाईचे गर्भाशय साधारण तसे दिसते. लांबी साडेसात सेंटीमीटर, वरची रुंदी पाच, जाडी अडीच आणि वजन साधारण साठ ग्रॅम. ग्रॅम कोणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी सहा तोळे म्हणायची. "सहा तोळ्यांचा डाग अंगावर घालून हिंडतीस आणि तुला पत्ता न्हाई व्हय," असे म्हटले की बायका हसत आणि मग नीट ऐकत. वरचा फुगीर भाग म्हणजे अंग, खालची निमुळती बाजू म्हणजे तोंड. वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन गर्भनलिका निघतात आणि दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन बीजकोशे असतात. बीज बीजकोशात तयार होते, त्याचे फलन नलिकेत होते आणि फलित बीज पाच-सहा दिवसांनी गर्भाशयाच्या पोकळीत येऊन आतल्या अस्तरात रुजते.

या अस्तराबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. दर महिन्याला बीजकोशातून येणाऱ्या संप्रेरकांमुळे हे अस्तर वाढते, जाड होते, त्यात रक्तवाहिन्या वाढतात. पेरणीआधी शेत नांगरून, खत टाकून तयार करावे तसे ते तयार होते. बीज रुजले, तर गर्भच शरीराला तसा निरोप पाठवतो आणि अस्तर टिकून राहते. रुजले नाही, तर संप्रेरके ओसरतात आणि अस्तर सुटून पडते, त्यालाच आपण पाळी म्हणतो. म्हणजे विटाळ म्हणून जे बाजूला बसवले गेले, ते बाळासाठी अंथरलेले आणि या खेपेला न लागलेले अंथरूण आहे. त्यात घाण काही नाही. 'अंगातली घाण जाते' हे वाक्य ऐकतच मोठ्या झालेल्या मुलीला तीस वर्षांची झाल्यावर कोणी म्हणाले की घाणीचे मूळच काढून टाकू, तर तिला ते पटणारच.

गर्भ राहिला की या सहा तोळ्यांच्या अवयवाचे काय होते, ते मी एकतीस वर्षे हाताने पाहिले आहे. तिसरा महिना संपता संपता ते ओटीपोटाच्या हाडाच्या वर हाताला लागते, पाचव्या महिन्यात बेंबीपाशी येते, नवव्यात बरगड्यांना टेकते. दिवस भरतात तेव्हा त्याचे स्वतःचेच वजन, बाळ, वार आणि पाणी सोडून, किलोभर झालेले असते आणि दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त त्याच्याकडे धावत असते. एवढे ताणले जाऊनही नऊ महिने ते शांत राहते आणि वेळ आली की तोच स्नायू आकसू लागतो. शरीरात दुसऱ्या कोठे गर्भ नीट वाढू शकत नाही. नलिकेत राहिलेला गर्भ आईच्या जिवावर बेततो, हे प्रत्येक नर्सला माहीत असते.

बाळंतपणानंतरचे अर्धे-पाऊण तास तर मी जन्मभर विसरणार नाही. वार सुटते त्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. त्यांना टाके घालता येत नाहीत. गर्भाशयाचे स्नायू एकमेकांत जाळीसारखे विणलेले असतात, ते आवळले जातात आणि त्या रक्तवाहिन्या जागच्या जागी दाबून बंद करतात. बेंबीखाली हात ठेवल्यावर नारळासारखा टणक गोळा लागला की आमचा जीव भांड्यात पडे आणि तो मऊ लागला की हातपाय गार पडत, कारण मऊ गर्भाशय म्हणजे वाहणारे रक्त. उपकेंद्रातल्या कंदिलाच्या उजेडात असा मऊ गोळा हाताने चोळून चोळून टणक केलेला मला आठवतो. बाळ छातीला लावले की तो आणखी आवळतो, म्हणून पाजताना बाळंतिणीच्या ओटीपोटात कळ येते. त्यानंतर तो दररोज सुमारे बोटभर खाली उतरतो आणि सहा आठवड्यांत किलोभराचे गर्भाशय पुन्हा मुठीत मावेल एवढे होते. याला पिशवी म्हणायचे माझ्या जिवावर येते.

आता कोणी म्हणेल की हे सगळे मूल होईपर्यंतचे झाले. नंतर काय? नंतरही ते त्या जागी असते ते उगीच नाही. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि मध्ये गर्भाशय अशी ओटीपोटाच्या तळाशी मांडणी असते आणि त्याला धरून ठेवणारे बंध हा त्या सगळ्या तळाचा आधार असतो. बीजकोशांना जाणाऱ्या रक्ताचा एक वाटा गर्भाशयाच्या रक्तवाहिनीतून जातो, त्यामुळे बीजकोशे ठेवून नुसते गर्भाशय काढले तरी काही जणींची पाळी जाण्याची अवस्था काही वर्षे आधी येते. आणि गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोशेही काढली असतील, तर ती अवस्था आठवड्याभरातच येऊन ठाकते. अंगातून वाफा येणे, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे आणि पुढे हृदयविकाराचा धोका वाढणे, हे सगळे मग पन्नाशीत येण्याऐवजी बत्तिशीत सुरू होते. आणि बत्तिशीतल्या त्या बाईला पुढच्याच महिन्यात पहाटे तीनला उठून उसाच्या फडात जायचे असते.

शस्त्रक्रियेकडे या बायकांना ढकलते कोण, हे लिहिले नाही तर पत्र अर्धवट राहील. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. उचल दोघांच्या नावावर. दोघांपैकी एकाने दांडी मारली तर मुकादम खाडा धरतो आणि दिवसाच्या मजुरीहून जास्त रक्कम कापतो. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ना मोरी, ना संडास, ना पाळीचे कपडे धुवायला पाणी. तिथे पाळीचे चार दिवस म्हणजे वैरी, आणि अंगावरून पांढरे जाणे, खाज, ओटीपोटात दुखणे हे तर ठरलेलेच. सोळाव्या वर्षी लग्न, बाविसाव्या वर्षी तिसरे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, असा ज्यांचा हिशेब आहे, त्यांना पिशवी ही खर्चाची आणि खाड्याची बाब वाटू लागली, तर मी त्यांना नावे ठेवणार नाही. मी नावे ठेवते ती त्यांना अर्धेच सांगणाऱ्यांना.

पांढरे जाण्याची तक्रार बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची असते आणि ती नवरा-बायको दोघांनी औषधे घेतली तर गोळ्यांनी बरी होते. जास्त रक्त जात असेल तर ते थांबवणाऱ्या गोळ्या आहेत, संप्रेरकांची औषधे आहेत, संप्रेरक सोडणारी, तांबीसारखी आत बसवायची साधने आहेत. पाठ दुखते ती मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढण्याने. ती गर्भाशय काढल्याने थांबत नाही, आणि न थांबलेल्या पाठीची तक्रार घेऊन याच बायका दोन वर्षांनी माझ्याकडे परत आलेल्या आहेत. सोनोग्राफीच्या कागदावर 'बल्की' असा एक शब्द असतो. त्याचा अर्थ एवढाच की गर्भाशय नेहमीपेक्षा थोडे मोठे दिसते, आणि दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बाईचे ते थोडे मोठे असतेच. पण बाईला तो शब्द 'पिशवीला सूज आली आहे' असा वाचून दाखवला जातो आणि पुढचे वाक्य असते, 'नाही काढली तर कॅन्सर होईल.' कॅन्सर म्हटल्यावर कोणती आई थांबेल? गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी सरकारी कार्यक्रमात आहे. तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे, इतकी ती साधी आहे. भीती घालण्याआधी ही तपासणी केली होती का, हे मी ज्या ज्या बाईला विचारले, त्यांतल्या बहुतेकींना अशी तपासणी असते हेच माहीत नव्हते.

प्रत्येक शस्त्रक्रिया चुकीची असते, असे मी म्हणत नाही. कर्करोग असेल, गाठी मोठ्या असतील आणि औषधांना दाद देत नसतील, अंग बाहेर येत असेल, बाळंतपणात रक्त काही केल्या थांबत नसेल, तर गर्भाशय काढण्याने बाईचा जीव वाचतो आणि ती शस्त्रक्रिया तिला वेळेवर मिळाली पाहिजे. माझ्या सख्ख्या जावेचे गर्भाशय सत्तेचाळिसाव्या वर्षी काढले, कारण गाठींमुळे तिचे हिमोग्लोबिन सहावर आले होते. तो निर्णय योग्य होता. तिला डॉक्टरांनी चित्र काढून समजावले होते, पर्याय सांगितले होते आणि तिने आठ दिवस विचार करून होकार दिला होता.

याच्या उलट एक प्रसंग सांगते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी आशाताईंच्या बैठकीला जोडून मी वस्तीवर बायकांना पेरू दाखवून हे सगळे सांगितले. बैठक संपली तरी एक चौतीस वर्षांची बाई उठेना. तिचे गर्भाशय पाच वर्षांपूर्वी एका खासगी दवाखान्यात काढले होते. खर्चाला मुकादमाकडून जादा उचल घेतली होती, ती फेडायला दोन हंगाम गेले. शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत ती फडावर होती. "भट्टीपुढं बसल्यावानी अंग तापतंय, रातच्याला झोप न्हाई," असे ती सांगत होती. मग तिने माझ्या हातातल्या पेरूकडे बोट केले आणि विचारले, "ताई, ह्यातलं माझं किती ऱ्हायलंय आत? ती बदामं हायत का गेली?" तिने घरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद आणले. त्यात औषधांची बिले होती, एक सोनोग्राफी होती आणि इंग्रजीत तीन ओळींचे डिस्चार्ज कार्ड होते, ज्यावर शस्त्रक्रियेचे नाव आणि तारीख याखेरीज काही नव्हते. बीजकोशे ठेवली की काढली, हे त्यावर नव्हते. काढलेला अवयव तपासणीला पाठवला होता का, त्यात काय निघाले, हेही नव्हते. त्या बाईला तिच्या स्वतःच्या शरीरात काय उरले आहे, हे मी सांगू शकले नाही.

याच महाराष्ट्रात, पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात, मे 2017 मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले. आईने आपले गर्भाशय लेकीला दिले. ऑक्टोबर 2018 मध्ये तिथेच प्रत्यारोपित गर्भाशयातून एका मुलीचा जन्म झाला. एका आईने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लेकीला ज्यात वाढवले, तोच अवयव लेकीच्या पोटी पुन्हा काम करतो, हे वाचले त्या दिवशी मी ते कात्रण उपकेंद्राच्या भिंतीवर लावले होते. 'काम संपले' म्हणणाऱ्यांना दाखवायला ते फार उपयोगी पडले.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने 2022 मध्ये केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असे सांगितले. ती याचिका राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधील प्रकारांवरून झाली होती. म्हणजे हे दुखणे एकट्या बीडचे नाही. त्या तत्त्वांनुसार जिल्हा पातळीवर देखरेख समित्या असायला हव्यात. माझी मागणी त्या समित्यांकडे आहे आणि ती खर्चाची नाही. ज्या स्त्रीचे गर्भाशय काढले जाईल, तिला मराठीतून छापलेले एक पानी कार्ड द्यावे. त्यावर शस्त्रक्रियेचे कारण, त्याआधी कोणते उपचार करून पाहिले, गर्भाशयाचे तोंड आणि दोन्ही बीजकोशे ठेवली की काढली आणि काढलेल्या अवयवाच्या तपासणीचा निष्कर्ष, एवढे लिहिलेले असावे. संमतीपत्रावर अंगठा घेण्याआधी गर्भाशयाचे चित्र तिच्यासमोर ठेवून ते समजावले आहे, याची नोंद गावातल्या आशाताईच्या सहीने व्हावी. आणि टोळ्या निघण्याआधीच्या पंधरवड्यात प्रत्येक उपकेंद्रावर गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी आणि जंतुसंसर्गाची औषधे मिळावीत, म्हणजे 'जायच्या आधी' म्हणून येणाऱ्या बाईला शस्त्रक्रियेखेरीज दुसरे काही तरी मिळेल.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. आपला अंक आमच्या तालुक्याच्या गावी सकाळी साडेसहाला पोहोचतो आणि दवाखान्याच्या बाकावर दिवसभर हातोहात फिरतो. या विषयावरील बातमीच्या मथळ्यात कृपया 'पिशवी' न छापता 'गर्भाशय' छापावे आणि जमल्यास दिवाळीच्या आधी एकदा त्याचे साधे, नावे लिहिलेले चित्र द्यावे. पेरूएवढ्या आकाराचे पुरेल.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
बीड जिल्हा